‘वकील आहे का?’ या प्रश्नाला ‘नको’ म्हणू नका

गेल्या तीन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीची आहेत. घरातल्या किंवा ओळखीतल्या कोणावर तरी फौजदारी गुन्हा दाखल झाला आहे आणि वकील देण्याची ऐपत नाही. पालघरपासून सावंतवाडीपर्यंतच्या या पत्रांत तपशील वेगळे असले, तरी एक गोष्ट सारखी दिसते. मोफत वकील मिळतो हे बहुतेकांना उशिरा कळते, आणि कळल्यावरही त्यावर विश्वास बसत नाही. त्यामुळे या वेळचे सदर पूर्णपणे या विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. ज्यांच्या प्रकरणात वेळ दवडणे धोक्याचे होते, त्यांना उत्तर आधीच कळवले आहे.

प्रश्न : माझा मुलगा मुंबईला कामाला असतो. शिमग्याला गावी आला असताना पालखी नाचवण्यावरून दोन वाड्यांत भांडण झाले, एकाचे डोके फुटले आणि पोलिसांनी माझ्या मुलासह चौघांना अटक केली. न्यायालयाने दोन दिवसांची पोलिस कोठडी दिली आहे. वकिलांनी सांगितलेली फी माझ्या आवाक्याबाहेरची आहे. फुकट वकील मिळतो असे ऐकले, पण गावातली माणसे म्हणतात की सरकारी वकील पोलिसांचाच असतो, तो काय सोडवणार? घरामागची आंब्याची कलमे पाच वर्षांच्या कराराने व्यापाऱ्याला देऊन पैसे उभे करू का? (एक आई, गुहागर तालुका)

उत्तर : कलमे देऊ नका. निदान आज तरी तसे करण्याची गरज नाही.

‘सरकारी वकील’ हा एकच शब्द आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या माणसांसाठी वापरला जातो, आणि गावातल्या माणसांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. खटला चालवून आरोपीला शिक्षा व्हावी यासाठी उभा राहतो तो सरकारी अभियोक्ता. तो राज्याच्या बाजूचा, म्हणजे तुमच्या मुलाच्या विरुद्ध बाजूचा असतो. विधी सेवा प्राधिकरण, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देण्यासाठी कायद्याने स्थापन झालेली संस्था, देते तो वकील मात्र पूर्णपणे तुमच्या मुलाचा असतो. त्याचे मानधन प्राधिकरण देते एवढाच काय तो सरकारशी संबंध. वकीलपत्रावर सही मुलाची असते, मुलाने त्याला विश्वासाने सांगितलेली गोष्ट तो पोलिसांना किंवा न्यायालयाला सांगू शकत नाही, आणि त्याचे कर्तव्य खासगी फी घेणाऱ्या वकिलाइतकेच असते.

ही कोणी केलेली मेहेरबानी नाही. अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये पहिल्यापासून आहे. पैशाअभावी कोणालाही न्याय नाकारला जाऊ नये यासाठी मोफत कायदेशीर मदतीचे अनुच्छेद ३९-अ हे १९७६ मध्ये घटनादुरुस्तीने आले, आणि त्याची अंमलबजावणी करणारा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये संमत होऊन ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. या कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळतो याची यादी आहे. त्या यादीत ‘कोठडीत असलेली व्यक्ती’ हा एक स्वतंत्र वर्ग असून त्याला उत्पन्नाची कोणतीही अट नाही. तुमचा मुलगा कोठडीत आहे, एवढेच कारण पुरेसे आहे. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, जातीचा दाखला यांपैकी कशावाचूनही त्याला वकील मिळाला पाहिजे.

तुमच्या तालुक्याच्या न्यायालयाच्या इमारतीतच तालुका विधी सेवा समिती असते आणि तेथील ज्येष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात आहे. रायगडच्या वाचकांसाठी ते अलिबागला आणि सिंधुदुर्गच्या वाचकांसाठी ओरोसला आहे. तिथवर जाणे जमत नसेल तर १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. अर्ज साध्या कागदावर मराठीत चालतो, आणि लिहिता येत नसेल तर तेथील कर्मचाऱ्याने किंवा विधी स्वयंसेवकाने तो लिहून घ्यायचा असतो. जाताना मुलाचे पूर्ण नाव, पोलिस ठाणे, गुन्हा नोंद क्रमांक आणि पुढची तारीख एवढे चिठ्ठीवर लिहून न्या. प्रथम खबरी अहवालाची (एफआयआर) प्रत मिळाली असेल तर उत्तमच.

तुम्ही धावपळ करण्याआधीच खरे तर हे न्यायालयात घडायला हवे होते. रिमांडच्या वेळी, म्हणजे कोठडी द्यायची का हे ठरवताना, न्यायदंडाधिकारी आरोपीला विचारतात, ‘वकील आहे का?’ वकिली करत असताना हा क्षण मी तालुक्याच्या न्यायालयांत शेकडो वेळा पाहिला आहे. दुपार कलती झालेली असते, रात्रभर न झोपलेला एखादा तरुण दोन पोलिसांच्या मध्ये उभा असतो, चप्पल बाहेर काढून ठेवलेली, हातात चुरगळलेला रुमाल. प्रश्न ऐकून तो आधी शेजारच्या पोलिसाकडे बघतो, मग खाली बघतो आणि पुटपुटतो, ‘नको साहेब.’ वकील म्हणजे पैसे, आणि पैसे घरी नाहीत, एवढाच त्या ‘नको’चा अर्थ असतो. पण कागदावर मात्र ‘आरोपीस वकील नको आहे’ असे उमटते आणि पुढची तारीख पडते. एकदा अशाच एका मुलाला मी बाहेर व्हरांड्यात विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘फी कोण देणार हे कोणी सांगितलंच नाही.’ त्याचे ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

कायदा या ‘नको’वर समाधान मानत नाही. आरोपीने मागितले नाही म्हणून वकील दिला नाही हे समर्थन चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सुक दास खटल्यात ठरवले आणि वकिलाविना झालेली शिक्षा रद्द केली. पुढे २०१२ मध्ये अजमल कसाबच्या अपिलाचा निर्णय देताना याच न्यायालयाने देशभरातील दंडाधिकाऱ्यांना बजावले, की आरोपीला पहिल्यांदा हजर केले जाईल तेव्हाच त्याला वकिलाचा हक्क आहे आणि ऐपत नसेल तर तो राज्याच्या खर्चाने मिळेल हे स्पष्ट शब्दांत सांगणे त्यांचे कर्तव्य आहे, आणि त्यात कसूर झाली तर ती विभागीय कारवाईस पात्र ठरेल. मुंबई हल्ल्यातील आरोपीलाही जो हक्क नाकारला गेला नाही, तो शिमग्याच्या भांडणात सापडलेल्या मुलाला नाकारण्याचा प्रश्नच येत नाही. पुढच्या तारखेला मुलाला एवढेच म्हणायला सांगा, ‘मला वकील हवा आहे, माझी ऐपत नाही, विधी सेवेमार्फत द्यावा.’

आता तीन गोष्टी, ज्या वकील येईपर्यंत तुम्हाला ठाऊक असाव्यात. मुलाने कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये, आणि ‘कबूल कर म्हणजे लवकर सुटशील’ या सल्ल्याला बळी पडू नये. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नसला, तरी त्या गोंधळात माणूस बरेच काही करून बसतो. चौकशी चालू असताना आपल्या वकिलाला भेटण्याचा हक्क त्याला आहे, मात्र संपूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसू शकत नाही.

दुसरी गोष्ट चौघांच्या वकिलाची. सगळ्यांना मिळून एकच वकील दिला जाण्याची शक्यता आहे. जामिनाच्या टप्प्यावर त्याने फारसे बिघडत नाही, पण ‘काठी मी नाही, त्याने मारली’ असे कोणाचेही म्हणणे असेल, तर चौघांचे हित एक राहत नाही. अशा वेळी मुलासाठी स्वतंत्र वकील मागा. हे मागणे पूर्णपणे रास्त आहे आणि त्याने वाडीतले संबंध बिघडतील या भीतीने गप्प राहू नका. हा सल्ला उशिरा ऐकल्यामुळे झालेले नुकसान मी पाहिले आहे.

तिसरी गोष्ट दिवस मोजण्याची. पोलिस कोठडी संपल्यावर मुलगा न्यायालयीन कोठडीत, बहुधा रत्नागिरीच्या विशेष कारागृहात जाईल. तेथेही विधी सेवेचे वकील आणि स्वयंसेवक येतात. दहा वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात ६० दिवसांत आणि त्याहून गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र (चार्जशीट) दाखल झाले नाही, तर जामीन हा हक्क बनतो. पण तो आपोआप मिळत नाही, मागावा लागतो, आणि मागण्याआधी दोषारोपपत्र आले तर तो हक्क हातचा जातो. कॅलेंडरवर रिमांडच्या पहिल्या दिवसावर खूण करा आणि वकिलाला त्याची आठवण द्या. जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी सुटका अडली, तर केंद्र सरकारच्या २०२३ च्या गरीब कैद्यांसाठीच्या योजनेतून जिल्हास्तरीय समिती कच्च्या, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, कैद्यासाठी जामिनाची रक्कम देऊ शकते. अमली पदार्थ किंवा दहशतवादविरोधी कायद्यांखालील प्रकरणे तिच्यातून वगळली आहेत. तुमच्या मुलाचे प्रकरण त्यांत बसत नाही, त्यामुळे मार्ग मोकळा आहे.

प्रश्न : आमच्या हापूसच्या बागेत नेपाळचा एक राखणदार आठ वर्षे आहे. शेजारच्या बागेतील पेट्यांच्या चोरीत त्याला संशयावरून अटक झाली. न्यायालयाने जामीन मंजूर केला, पण स्थानिक जामीनदार हवा अशी अट असल्यामुळे तो महिनाभर सावंतवाडीच्या कारागृहातच आहे. त्याला मराठी येत नाही, हिंदीही मोडकीतोडकी बोलतो. परदेशी माणसाला मोफत वकील मिळतो का? (बागायतदार, देवगड तालुका)

उत्तर : मिळतो. कलम १२ मध्ये ‘व्यक्ती’ हा शब्द आहे, ‘नागरिक’ नाही, आणि तो कोठडीत आहे. मागच्या उत्तरातील कसाबचे उदाहरण इथे अधिकच लागू पडते. आंब्याच्या हंगामात देवगड-राजापुरातील बागांवर आणि हर्णै-मिरकरवाड्याच्या बोटींवर नेपाळची कितीतरी माणसे राबतात. त्यांच्यावर आळ आला की त्यांच्यासाठी धावणारे कोणी नसते. तुम्ही त्याच्यासाठी पत्र लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार.

महिनाभर अडकलेला जामीन ही खरी तातडीची गोष्ट आहे, म्हणून तिथून सुरुवात करू. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी जामीन मिळूनही आत राहणाऱ्या कैद्यांसाठी काही निर्देश दिले. जामिनाचा आदेश कारागृह अधीक्षकांना ई-मेलने पाठवायचा, सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे आणि सचिवांनी वकील किंवा स्वयंसेवक पाठवून त्याची अडचण समजून घ्यायची, असा तो क्रम आहे. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण असल्याने तशी अट घालू नये, असेही न्यायालयाने त्यात सुचवले आहे. म्हणून तुम्ही ओरोसला सचिवांच्या नावे एक अर्ज द्या, त्यात या माणसाचे नाव, गुन्हा क्रमांक, जामिनाच्या आदेशाची तारीख लिहा आणि ‘अट शिथिल करून जातमुचलक्यावर किंवा रोख रकमेवर सोडण्यासाठी वकिलामार्फत अर्ज करावा’ अशी विनंती करा. जातमुचलका म्हणजे जामीनदाराविना, आरोपीच्या स्वतःच्या लेखी हमीवर सुटका. रोख रक्कम भरून जामीनदाराची अट टाळण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते. तुमचा त्याच्यावर आठ वर्षांचा विश्वास असेल, तर तुम्ही स्वतःही जामीन राहू शकता. मात्र तो तारखांना हजर राहिला नाही तर जामिनाची रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते, हे समजूनच सही करा.

भाषेचा मुद्दा किरकोळ समजू नका. अटकेची कारणे अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत आणि लेखी दिली पाहिजेत, आणि कोणत्याही परिस्थितीत ती दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी हातात पडली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातील एका प्रकरणात सांगितले. तुमच्या राखणदाराला काय दिले गेले आणि कोणत्या भाषेत, हे वकिलाने तपासलेच पाहिजे. खटल्यात साक्षीपुरावा होईल तेव्हाही तो त्याला समजेल अशा भाषेत सांगितला गेला पाहिजे. त्याच्या ओळखीचा, दोन्ही भाषा जाणणारा एखादा विश्वासू माणूस वकिलाच्या पहिल्या भेटीला बरोबर न्या. वकील आणि पक्षकार यांना एकमेकांचे बोलणेच कळले नाही, तर बाकी सगळा बचाव कागदावरच राहतो.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. जमिनीच्या वादातून दिराने माझ्यावर आणि माझ्या पतींवर मारहाणीची तक्रार दिली आहे. पोलिस ठाण्यात हजर राहण्याची नोटीस आली आहे, अटक झालेली नाही. पगारदार असल्याने मला मोफत वकील मिळणार नाही ना? (माणगाव तालुका)

उत्तर : तुम्हाला मिळेल. स्त्रिया आणि बालके यांच्यासाठी कलम १२ मध्ये उत्पन्नाची मर्यादा नाही. हीच गोष्ट अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींची, दिव्यांगांची, औद्योगिक कामगारांची आणि पूर-भूकंपासारख्या आपत्तींत सापडलेल्यांची. जुलै २०२१ च्या महापुरात घर-दुकान गमावलेल्या चिपळूण-महाडच्या लोकांना हा हक्क होता हे फार थोड्यांना कळले, आणि त्याची मला आजही खंत वाटते.

तुमच्या पतींना मात्र, अटक होत नाही तोवर, उत्पन्नाची अट लागू होईल. महाराष्ट्रात ती वार्षिक ३ लाख रुपये आहे. त्यांचे उत्पन्न त्याहून जास्त असेल, तर त्यांना खासगी वकील करावा लागेल. नोटिशीच्या तारखेला न चुकता हजर राहा, कारण हजर न राहणे हेच अटकेचे कारण ठरू शकते. अटकेपूर्वीच्या टप्प्यावरही, म्हणजे पोलिस ठाण्यात जाण्याआधी, विधी सेवेच्या वकिलाचा सल्ला घेता येतो. तो घेऊनच जा.

प्रश्न : माझे वय २२. मी हर्णै बंदरात एका बोटीवर खलाशी आहे आणि पुढे मर्चंट नेव्हीत जाण्यासाठी प्रयत्न करत आहे. माझ्या मोटारसायकलची धडक बसून एक गृहस्थ जखमी झाले. आता न्यायालयाचे समन्स आले आहे. सगळे सांगतात, ‘गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो, तारखा कशाला वाढवतोस?’ बोट सोडून तारखेला जाणे परवडत नाही हेही खरे आहे. काय करू?

उत्तर : कबुली देण्याआधी वकिलाशी बोला. माझ्या मते या सदरातल्या सगळ्या पत्रांत तुमचे पत्र सर्वांत धोक्याच्या वळणावरचे आहे, कारण तुम्हाला अटकेची भीती नाही आणि त्यामुळे घाईही वाटत नाही.

न्यायालयात ‘गुन्हा कबूल’ म्हणणे ही दंड भरण्याची पावती नव्हे, ती दोषसिद्धी आहे. दंड काही हजारांत भागेल, पण दोषसिद्धीची नोंद राहते आणि पासपोर्ट, चारित्र्य पडताळणी, जहाजावरील नोकरीची कागदपत्रे अशा प्रत्येक ठिकाणी ‘तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का’ हा प्रश्न तुमच्यापुढे येत राहतो. ज्या वयात तुम्ही समुद्रावरचे आयुष्य उभे करू पाहता, त्या वयात दोन तारखा वाचवण्यासाठी ही किंमत फार मोठी आहे. शिवाय चूक खरोखर तुमची होती का, त्या वळणावर उजेड होता का, पंचनाम्यात काय लिहिले आहे, हे कोणी पाहिलेच नाही. जखमी व्यक्तीशी कायद्याला मान्य असलेली तडजोड शक्य आहे का, आणि दोष सिद्ध झालाच तर प्रथम अपराध म्हणून परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर, सोडण्याची मागणी करता येईल का, हे प्रश्नही वकिलानेच पाहायचे आहेत.

तुम्हाला अटक झालेली नसल्यामुळे तुमचा हक्क उत्पन्नावर ठरेल. खलाशाचा वाटा हंगामाप्रमाणे कमीजास्त होतो आणि जून-जुलैत मासेमारी बंदीमुळे हातात काहीच येत नाही, त्यामुळे पगारपत्रक आणायचे कोठून असा प्रश्न तुमच्यासारख्या अनेकांना पडतो. त्याचे उत्तर कायद्यातच आहे. कलम १३ प्रमाणे अर्जदाराचे उत्पन्नाविषयीचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते, त्यावर अविश्वास दाखवण्यास कारण असेल तरच अधिक चौकशी होते. तहसीलदारांचा दाखला मिळाला तर काम सोपे होते, पण तो नाही म्हणून अर्ज थांबवू नका. दापोलीच्या न्यायालयातील तालुका समितीकडे समन्सची प्रत घेऊन जा. तारखेला प्रत्येक वेळी हजर राहणे अशक्य असेल, तर वकील तुमच्या वतीने गैरहजेरी माफ करण्याचा अर्ज देऊ शकतो. न सांगता गैरहजर राहिलात तर वॉरंट निघते, आणि मग आत्ता नसलेली अटक समोर उभी राहते.

प्रश्न : माझ्या भावाला विधी सेवेचा वकील मिळाला आहे, पण ते भेटत नाहीत आणि झेरॉक्स-टायपिंगच्या नावाखाली दोनदा पैसे मागितले. तक्रार केली तर ते राग धरतील अशी भीती वाटते. (रायगड जिल्हा)

उत्तर : मोफत विधी सेवेत वकिलाची फी, न्यायालयीन शुल्क, टंकलेखन, कागदपत्रांच्या प्रती, साक्षीदारांचा खर्च हे सगळे धरलेले आहे. त्यासाठी पक्षकाराकडे पैसे मागणे गैर आहे. तारीख, रक्कम आणि मागणीचे शब्द लिहून जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार द्या आणि पोचपावती घ्या. वकील बदलून मागण्याचाही तुम्हाला अधिकार आहे. वकील राग धरतील ही भीती मी समजू शकतो, पण भावाचा बचाव अशा माणसाच्या हाती ठेवून राहणे त्याहून वाईट.

या व्यवस्थेतल्या उणिवा मी लपवणार नाही. प्राधिकरणाच्या यादीवरील (पॅनेलवरील) वकिलांचे मानधन तुटपुंजे असते, ते उशिरा मिळते, आणि खासगी कामाच्या गर्दीत अशी प्रकरणे मागे पडतात. हे ओळखूनच राष्ट्रीय प्राधिकरणाने २०२२ पासून पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आणली. महाराष्ट्रात त्यांना ‘लोक अभिरक्षक’ म्हणतात. मुख्य, उपमुख्य आणि सहायक लोक अभिरक्षक हे पगारी असून त्यांना खासगी प्रकरणे घेता येत नाहीत, आणि फक्त आरोपींचा बचाव एवढेच त्यांचे काम असते. मुख्य लोक अभिरक्षकाला फौजदारी कामाचा किमान १० वर्षांचा अनुभव लागतो. वकील बदलून मागताना ‘लोक अभिरक्षक कार्यालयामार्फत वकील मिळावा’ असे अर्जात नमूद करा. अलिबागला जिल्हा न्यायालयात या कार्यालयाची चौकशी करा.

प्रश्न : ओरोसच्या सत्र न्यायालयाने माझ्या चुलतभावाला जन्मठेप दिली. निकालाला तीन महिने झाले. अपील करायला पैसे नव्हते. आता मुदत गेली असे एकाने सांगितले. सगळे संपले का? (कणकवली तालुका)

उत्तर : नाही. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत सर्वसाधारणपणे ६० दिवसांची असते, पण विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो, आणि कारागृहात असणे व वकील करण्याची ऐपत नसणे हे विलंबाचे सबळ कारण आहे. शिक्षा झालेल्या कैद्याला निकालपत्राची प्रत मोफत मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी मोफत वकील मिळाला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच सांगितले. तो खटला होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा आपल्याच राज्यातला होता. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४१ नेही खटल्याप्रमाणे अपिलातही वकील नसलेल्या आणि ऐपत नसलेल्या आरोपीला राज्याच्या खर्चाने वकील देण्याचे बंधन न्यायालयावर घातले आहे.

भावाने कारागृहातूनच अधीक्षकांमार्फत अपील पाठवावे. तो अर्ज एका पानाचा असला तरी चालतो. कायद्याचे मुद्दे नंतर नेमलेला वकील मांडेल. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीची अपिले पूर्वी मुंबईला जात, १८ ऑगस्ट २०२५ पासून ती उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचपुढे चालतात. कणकवलीहून गगनबावड्याच्या किंवा फोंड्याच्या घाटाने तुम्ही एका दिवसात जाऊन वकिलांना भेटून परत येऊ शकता, हा फरक लहान नाही. जन्मठेपेची शक्यता असलेल्या प्रकरणात विधी सेवेने किमान १० वर्षे वकिली केलेलाच वकील द्यावा आणि त्याला तयारीसाठी किमान सात दिवस मिळावेत, असे २०१९ मध्ये अनोखीलाल खटल्यात ठरले आहे. सत्र न्यायालयात भावाला विधी सेवेचा वकील होता का, त्याचा अनुभव किती होता आणि नेमणुकीनंतर किती दिवसांत साक्षी सुरू झाल्या, हे रोजनाम्यावरून, म्हणजे न्यायालयाच्या तारीखवार नोंदींवरून, काढून ठेवा. अपिलात तो मुद्दा महत्त्वाचा ठरू शकतो.

मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांच्या स्थितीबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेले एक पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले होते, आणि त्यातूनच १९८३ मध्ये अटकेची खबर जवळच्या विधी सेवा समितीला ताबडतोब देण्याचा निर्देश पोलिसांना मिळाला. तेव्हा भावाच्या साध्या पत्राला कोणी विचारणार नाही असे समजू नका. पुढच्या भेटीला जाताना कोरे कागद आणि पेन बरोबर न्या, शिक्षेची तारीख आणि सत्र खटला क्रमांक त्याला लिहून द्या, आणि अर्ज अधीक्षकांकडे दिल्यावर त्याचा जावक क्रमांक विचारून घेतल्याशिवाय निघू नका.